एका दिवसात वसई

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

युरोपात फिरायला गेलेली मंडळी तेथली जुनी शहरे एकेका दिवसात पाहून येतात. स्पेनमधले तोलेदो हे त्यांतले एक ठरलेले गाव. सकाळी माद्रिदहून निघायचे, वेशीतून आत शिरायचे, अरुंद गल्ल्यांतून कॅथीड्रल, जुनी सिनॅगॉग आणि मशिदी पाहायच्या आणि दिवेलागणीला परत फिरायचे. तीन बाजूंनी नदीचा वळसा असलेल्या त्या टेकडीवर मुसलमान, यहुदी आणि ख्रिस्ती या तिघांच्या खुणा एकमेकींवर चढलेल्या आहेत. अशी वर्णने वाचली की मनात येतेच, हे सारे दूरदेशीचे. आपण अंधेरी-बोरिवलीची, मुलुंड-घाटकोपरची माणसे. आपल्याकडे स्टेशन आहे, बाजार आहे, चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती आहेत. जुने शहर काही नाही. इतिहास पाहायचा तर फोर्टात जावे, नाही तर पुण्याला.

ही समजूत बरोबर नाही. बोरिवलीहून विरार गाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आत वसई रोड येते, आणि तेथून पुढे खाडीच्या मुखावर आपलेच जुने शहर पडलेले आहे. 'आपलेच' हा शब्द मी जाणून वापरते. आज वसईला आपण मुंबईचे लांबचे उपनगर म्हणतो. इ. स. १६०० च्या सुमारास गोष्ट उलट होती. वसई हे शहर होते, राजधानीचे ठिकाण होते. अंधेरी, मालाड, बोरिवली ही त्या शहराच्या अंमलाखालची भातशेतीची गावे होती. आणि खुद्द मुंबई हे त्याच अंमलातले एक लहानसे बेट होते. इतकेच नव्हे, तर साठ वर्षे या शहराचा धनी स्पेनच्या गादीवर बसलेला राजा होता. म्हणजे स्पेनच्या राजाचे एक जुने शहर एका दिवसात पाहण्याची सोय आपल्याला लोकलच्या पासावर आहे. ते कसे पाहावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

निघण्यापूर्वी

वसईचा कोट पाहायला जाताना तीन साले पाठ असावीत : १५३४, १७३९ आणि १८०२. बाकीचे सारे त्यांच्याभोवती आपोआप गोळा होते.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्या याच्याशी तह केला. उत्तरेकडून मोगल बादशाह हुमायून चालून येत होता. त्या धास्तीने सुलतानाला समुद्रावरचा मित्र हवा होता. मित्राची किंमत म्हणून त्याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख दिला. त्यातच मुंबईची बेटे आली आणि आपली साष्टीही आली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचे बेट. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि घाटकोपर-मुलुंडपासून ठाण्यापर्यंत आज जे जे आपण उपनगर म्हणतो ते जवळजवळ सारे त्यात येते. १५३६ साली कोटाचे बांधकाम सुरू झाले. पुढे दमणपासून चौलपर्यंतच्या पोर्तुगीज मुलखाला 'उत्तरेचा प्रांत' म्हणू लागले आणि वसई त्याचे मुख्य ठाणे झाले.

या प्रांतातली गावे सरकारने 'फिदाल्गो' म्हणजे कुलीन घराण्यांना आणि धर्मसंघांना ठरावीक धाऱ्यावर तोडून दिली होती. त्या काळात मुंबई बेट कोणाकडे होते, तर गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याकडे. त्याचे आईबाप स्पेनमधून हुसकावलेले यहुदी. तो स्वतः स्पेनमध्ये सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. तो १५६८ साली वारला. पण मरणानंतर त्याच्यावर धर्मद्रोहाचा आरोप शाबीत करून १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या राज्यात असा विद्वान होता त्याच राज्यात असे न्यायासनही होते. वसई पाहताना या दोन्ही गोष्टी लक्षात असू द्याव्यात.

त्याच १५८० साली पोर्तुगालची गादी रिकामी पडली आणि स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याने ती घेतली. १५८१ साली तोमार येथे भरलेल्या सभेत ठरले, की पोर्तुगालचा कारभार, कायदे आणि अधिकारी वेगळेच राहतील. त्यामुळे वसईच्या रस्त्यांत स्पॅनिश अंमलदार फिरू लागले नाहीत. मात्र राजा एक झाला, आणि राजाचे वैरी तेही वाट्याला आले. स्पेनशी लढणारे डच आता पोर्तुगीजांच्या जहाजांवर आणि ठाण्यांवर तुटून पडले. १ डिसेंबर १६४० रोजी पोर्तुगालने आपला राजा पुन्हा वेगळा केला तोवर पूर्वेकडील त्यांच्या सत्तेची बरीच पडझड झाली होती. वसईच्या ऱ्हासाची कारणे शोधताना आपण १७३९ पाशी सुरुवात करतो. खरे तर ती शंभर वर्षे मागे नेली पाहिजे.

वाटेवर

कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस वसईला चांगले. पावसाळ्यात कोट हिरवागार दिसतो, पण गवत पुरुषभर वाढते, दगड निसरडे होतात आणि जमिनीवरचे काही दिसत नाही. पाण्याची बाटली, डोक्याला काही तरी आणि पायांत घट्ट बूट हवेत. आम्ही तिघी मैत्रिणी सकाळी सातच्या सुमारास बोरिवलीहून निघालो.

भाईंदर सुटले की गाडी खाडीच्या पुलावर येते. येथे बोलणे थांबवून दारापाशी नव्हे, खिडकीपाशी यावे. हीच उल्हास नदीची खाडी, हीच साष्टीची उत्तर सीमा. उजवीकडे वर गेले की घोडबंदर आणि पुढे ठाणे, कल्याण. डावीकडे खाडी समुद्राला मिळते आणि त्या मुखाच्या पलीकडच्या तीरावर वसईचा कोट. शहर नेमके तेथे का वसले हे या पुलावरून जितके कळते तितके नकाशावरून कळत नाही. ज्याच्या हाती हे मुख, त्याच्या हाती ठाणे-कल्याणचा सारा जलमार्ग. आतल्या जंगलातला साग याच पाण्याने खाली येई आणि वसईला जहाजे बांधली जात. तोलेदोला वळसा घालणारी ताहो नदी पुढे लिस्बनपाशी समुद्राला मिळते. तेथूनच हिंदुस्थानची गलबते सुटत. एका नदीच्या मुखातून निघालेली माणसे सहा-सहा महिन्यांचा प्रवास करून दुसऱ्या एका नदीच्या मुखाशी उतरत होती, असे म्हणायला हरकत नाही.

वसई रोडला पश्चिमेकडे उतरून बस किंवा रिक्षा मिळते. २०२४ साली भाईंदर-वसई अशी रो-रो बोटही सुरू झाली. ज्यांना जमेल त्यांनी बोटीने जावे, कारण हे शहर पाण्यावरून येणाऱ्यांसाठीच बांधलेले आहे. वाटेवर वाड्या लागतात. केळी, पानवेली, फुलझाडे, विहिरी आणि त्यांमध्ये पांढरी चर्चे. पूर्वीच्या प्रवाशांनीही कोटाबाहेरच्या बागांचे आणि उसाचे कौतुक केले आहे. आता वाड्यांच्या मधून इमारती डोकावू लागल्या आहेत, तरी हिरवी वसई अजून अगदीच संपलेली नाही.

कोटात

बस कोटातून थेट बंदरापर्यंत जाते. पण तिच्यातून तसे जाऊ नये. जमिनीकडच्या दरवाजाशी उतरून पायी आत यावे. वसईच्या कोटाला मुख्य दरवाजे दोन. एक जमिनीकडे, दुसरा खाडीकडे. तटाला दहा बुरूज आहेत आणि त्यांना संतांची नावे दिलेली होती. सह्याद्रीतले किल्ले पाहण्याची सवय असलेल्या आपल्याला येथे पहिल्यांदा चुकल्यासारखे होते. चढ नाही, कडा नाही. तटाच्या आत राजवाडा आणि शिबंदीची घरे एवढेच नसून रस्ते, चौक, मठ, न्यायकचेरी, तुरुंग, दवाखाना असे सगळे होते. म्हणून 'किल्ला' हा शब्द मनातून काढून टाकावा आणि 'शहर' हा शब्द धरावा. तसे केले की पुढचे सारे उलगडत जाते.

पडलेली इमारत वाचण्याच्या दोन-चार सोप्या खुणा आहेत. भिंतीत ठरावीक उंचीवर चौकोनी भोकांची ओळ दिसली, की तेथे वरच्या मजल्याचे सागवानी वासे टेकलेले होते असे समजावे. भोकांच्या ओळी मोजल्या की मजले मोजता येतात. उंच, लांबट दालन आणि त्याच्या टोकाला दगडी कमानीचे गोल छत दिसले, की ते चर्च. मधल्या सभागृहाची छपरे लाकडी व कौलारू होती, ती गेली. वेदीवरची दगडी कमान तेवढी टिकली. चर्चला लागून कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेले चौकोनी अंगण असले, की तो मठ. साधू त्या ओवऱ्यांतून फिरत जप करीत. आणि अंगणात किंवा परसात विहीर शोधावी. समुद्राच्या काठी गोड्या पाण्याशिवाय शहर जगत नाही.

या खुणा घेऊन फिरले की डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा निरनिराळ्या संघांची घरे ओळखू येऊ लागतात. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनीच्या चर्चमध्ये पायांखाली पाहावे. जमिनीत बसवलेल्या लांब शिळा म्हणजे थडगी. कोणावर घराण्याचे चिन्ह, कोणावर नुसते नाव आणि साल. नवऱ्याशेजारी बायको, बायकोशेजारी मुले. वसईत 'दोम' ही पदवी लावणारे इतके होते, की शहरालाच 'दोम बासाईं' असे थट्टेचे नाव पडले होते. ते सारे दोम आता आपल्या चपलांखाली आहेत. शिळांवर पाय न देता कडेने चालावे, ही अगदी साधी रीत झाली. पण तेथे येणाऱ्यांपैकी फार थोडे ती पाळतात.

१६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी येथे येऊन गेला. त्याने वसईच्या रुंद, सरळ रस्त्यांचे आणि चांगल्या इमारतींनी वेढलेल्या चौकाचे वर्णन केले आहे. आणि त्याच वेळी, साथीमुळे शहराचा उत्तरेकडचा भाग ओस पडला आहे, असेही नोंदवले आहे. मराठ्यांच्या वेढ्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधीची ही गोष्ट. शहर मोठे होते, पण आतून पोखरले जात होते.

बंदराकडच्या दरवाजापाशी सेंट जोसेफचे चर्च आहे. हे शहरातले मुख्य चर्च. त्याचा मनोरा दूरवरून दिसतो. १५४६ साली त्याचा आरंभ झाला आणि १६०१ साली ते नव्याने बांधले गेले. तसा शिलालेखच येथे होता, आणि त्यात गोव्याचे आर्चबिशप आलैशो द मेनेझिस यांचे नाव होते. १६०१ म्हणजे स्पेनच्या राजाच्या अंमलाचा काळ. फेलिपे तिसरा तेव्हा गादीवर होता. मला या भिंतीपाशी उभे राहिल्यावर सर्वांत नवल वाटले ते याचे, की आपल्या बोरिवली-दहिसरच्या शेतकऱ्याचा सारा कोणत्या घराण्याने घ्यावा हे ठरवणाऱ्या कागदांवर तेव्हा स्पेनच्या राजाचे नाव चालत होते.

वसईचा एक मुलगा

जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग कोटात सर्वांत चांगला टिकलेला आहे. खांब, कमान, कोरीव काम, सारे जागच्या जागी. त्याचा संबंध वसईच्या एका मुलाशी आहे. गोन्सालो गार्सिया १५५६-५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली, कोकणातली. जेझुइटांच्या हाताखाली शिकला आणि त्यांच्याबरोबर लहान वयातच जपानला गेला. जपानी भाषा त्याला उत्तम येऊ लागली. पुढे त्याने व्यापार केला. आणि शेवटी फिलिपाइन्समध्ये मनिलाला स्पॅनिश फ्रान्सिस्कनांच्या संघात दाखल झाला. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून पाठवले तेव्हा दुभाष्या म्हणून हा वसईचा मुलगा सोबत होता. १५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागले, त्यातून संशय व राग वाढला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली रोमने त्याला संत ठरवले. भारतात जन्मलेला तो पहिला संत मानला जातो.

एका कोकणी आईचा मुलगा वसईत शिकतो, जपानीत बोलतो, स्पॅनिशांची वकिली करतो आणि नागासाकीत मरतो. सोळाव्या शतकातले आपले जग किती मोठे होते हे समजायला एवढे चरित्र पुरे आहे. त्याच्या सणाला वसईचे लोक अजूनही गर्दी करतात.

वेढा आणि त्यानंतर

पोर्तुगीज अंमलात देवळे पडली, हिंदूंच्या उघड धर्माचरणावर बंधने आली, हे लपवण्यात अर्थ नाही. मालाडचे वतनदार अंताजी रघुनाथ कावळे, अंजूरचे गंगाजी नाईक अशा मंडळींनी पेशव्यांकडे धाव घेतली, ती यामुळे. १७३७ साली मोहीम सुरू झाली. ठाणे आणि साष्टी हाती आली. १७३९ च्या आरंभी किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक पडली. आपल्या अंधेरीजवळचे वेसावेही त्यांतच. वसई एकटी उरली. मग चिमाजी अप्पांनी वेढा आवळला. जमिनीकडच्या बाजूला तटाखाली सुरुंग खणण्यात आले. काही उडाले, काही आपल्याच माणसांवर उलटले. मराठ्यांची माणसे हजारांनी पडली. 'निदान माझे मस्तक तरी तोफेने कोटात पडेल असे करा,' असे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. सेंट सेबॅस्टियन बुरजाला खिंडार पडले आणि मे १७३९ मध्ये कोट स्वाधीन झाला.

यापुढची गोष्ट मला विजयाइतकीच महत्त्वाची वाटते. हरलेल्या सैन्याला हत्यारे आणि सामानसुमान घेऊन, निशाणे व वाद्यांसह बाहेर पडू देण्यात आले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेवण्यात आली. चर्चच्या घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकराच्या, मेणवलीच्या आणि नाशकात नारोशंकराच्या देवळात त्या पाहायला मिळतात. वज्रेश्वरीला अप्पांनी केलेला नवसही पुढे फेडला गेला. तेथले देऊळ या विजयानंतरचे. कोटात आज अप्पांचे स्मारक आहे, नागेश्वराचे देऊळ आहे, वज्रेश्वरीचेही आहे. देवळातली घंटा वाजली की तिचा आवाज पडक्या चर्चच्या भिंतींवरून ऐकू येतो.

तिसरे साल १८०२. मधल्या काळात १७८० साली इंग्रज सेनापती गॉडर्डने वसई घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत आली. आणि यशवंतराव होळकरांपुढे पुण्याहून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईला इंग्रजांशी तह करून त्यांची फौज पदरी घेतली. १५३४ चा तह आणि १८०२ चा तह यांत एक साम्य आहे. दोन्ही वेळा एका भ्यालेल्या राजाने शत्रूपासून वाचण्यासाठी समुद्रावरून आलेल्या माणसाला घरात घेतले. दोघांच्या मधोमध १७३९ आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने वसईला जावे ते या तीन सालांची सांगड एका जागी बसून घालण्यासाठी.

बंदरावर

दुपारी बंदराकडच्या दरवाजातून बाहेर पडलो. किल्ला बंदर हे कोळ्यांचे गाव. बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. एका मावशींना विचारले, "मावशी, हा कोट पाहायला बाहेरचे लोक येतात, तुम्हांला त्याचे काय वाटते?" त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहायला येता. आमची पोरं त्यातूनच शाळेला जातात." शहर ओस पडले हे खरे, पण रस्ता अजून चालू आहे.

वसईच्या ख्रिस्ती समाजाची घरातली भाषा मराठीचीच बोली आहे. लग्नातली गाणी मराठी, वाडीतले शब्द मराठी. आपण मात्र आपल्या घरात पोर्तुगीज शब्द बोलत असतो आणि आपल्याला ते ठाऊकही नसते. पाव, बटाटा, काजू, चावी, बिजागरी, घमेले, पगार, तुरुंग हे शब्द त्यांच्याकडून आले. 'हापूस'मध्येही एक अफोन्सु दडलेला आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले आणि २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. चारशे-पाचशे वर्षांच्या या घालमेलीतून शेवटी काय निघाले, याचे उत्तर म्हणून मी ही घटना सांगेन. परतताना वसईची सुकेळी तेवढी घ्यावीत. उन्हात वाळवलेल्या पिकल्या केळ्यांची ही चीज दुसरीकडे तशी मिळत नाही.

परतीच्या वाटेवर

हाताशी तासभर उजेड असला तर बोरिवलीला उतरून मंडपेश्वर पाहावे, म्हणजे दिवस पुरा होतो. स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरात एक प्रचंड मशीद आहे. आठव्या शतकात तिचा आरंभ झाला, १२३६ साली शहर ख्रिस्ती राजाच्या हाती आल्यावर तिचे कॅथीड्रल झाले. ते पाहायला जगभरची माणसे जातात. मंडपेश्वराची गोष्ट त्याच जातीची आहे. मूळचे हे शैव लेणे. आत नटराजाचे शिल्प आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी लेण्याचे चर्च केले आणि वर टेकडीवर मठ बांधला. एका जागी शिल्प छाटून कोरलेला मोठा क्रूस अजून स्पष्ट दिसतो. मराठ्यांच्या विजयानंतर देव परत आला. आज आत शंकराची पूजा चालते आणि वर मठाच्या भिंती उभ्या आहेत. अंधेरीला सीप्झच्या आवारात असेच १५७९ सालचे एक पडके चर्च आहे. ही सारी वसईच्या शहराचीच लांबवरची अंगे.

आता शेवटचे. वसईचा कोट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. चित्रपटवाल्यांचे त्याच्यावर प्रेम आहे. 'जोश' हा चित्रपट पाहिलेल्यांना आणि कोल्डप्ले या इंग्रज गायकांची २०१६ सालची चित्रफीत पाहिलेल्यांना त्या कमानी ओळखीच्या वाटतील. पण चारशे वर्षांच्या चुन्यावर खिळ्याने कोरलेली प्रेमिकांची नावे, वेदीच्या जागी फुटलेल्या बाटल्या, थडग्यांवर मांडलेले डबे हेही तेथे पाहावे लागते. त्या नावांखाली कॉलेजांची नावेही आहेत, आणि ती आपल्या उपनगरांतलीच आहेत. परक्या सरकारचे परके अवशेष, आपले त्यात काय, असे मनात असल्याशिवाय हे होत नाही. म्हणून हा खटाटोप. आपल्या गावांचा सारा जेथे भरला जाई, आपल्या वतनदारांनी ज्याच्याविरुद्ध दाद मागितली, ज्याच्या तटाखाली आपली माणसे हजारांनी गेली, ते शहर परके कसे?

आमच्या इतिहास मंडळाची सहल दरवर्षी कोठे ना कोठे लांब जाते. पुढच्या वर्षी ती वसईला न्यावी, सोबत मराठी आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनाही घ्यावे, आणि निघण्यापूर्वी वर सांगितलेली तीन साले वर्गात फळ्यावर लिहून घ्यावीत, अशी सर्व प्राध्यापकांना विनंती आहे. खर्च फार नाही. सकाळची विरार गाडी आणि स्टेशनापासूनची बस.